फुलवाफ्यात पहिल्यांदाच पिओनी लावणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिओनी एकदा रुजली की पन्नास वर्षे आणि कधीकधी त्याहूनही अधिक काळ त्याच जागी फुलत राहते. म्हणूनच हंगामी फुलांच्या बाबतीत खपून जाणाऱ्या लावणीच्या चुका इथे खपत नाहीत. त्या वर्षानुवर्षे मागे लागतात. नवख्या बागप्रेमींचे बहुतेक प्रश्न शेवटी "फूल का येत नाही?" इथेच येऊन ठेपतात आणि त्याचे उत्तर बहुधा लावणीच्या दिवशी मोजपट्टी हाती घेतली होती की नाही यात दडलेले असते. त्यामुळे पुढील उत्तरांत ओळख, अंतर आणि खोली या तीन गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

पिओनी म्हणजे नेमके कोणते झाड, आणि तिचे प्रकार किती?

पिओनी हे पेओनिया प्रजातीचे झाड आहे आणि पेओनिएसी या कुळात ही एकच प्रजाती आहे. तिच्या रानटी जाती तीसहून अधिक असून त्या आशिया, दक्षिण युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात आढळतात. पश्चिम हिमालयात उगवणारी पांढऱ्या एकेरी फुलांची पेओनिया इमोडी हीही त्यांपैकीच एक. बागेच्या दृष्टीने मात्र तीन गट ओळखता आले की पुरे.

पहिला गट शाकीय पिओनीचा. हिचे खोड मऊ असते, थंडीत ती जमिनीलगत पूर्ण वाळते आणि वसंतात जमिनीखालच्या डोळ्यांतून, म्हणजे मुळांच्या गड्ड्यावरील कळ्यांतून, पुन्हा फुटते. बागांमधील बहुसंख्य वाण मूळच्या चीन, मंगोलिया व सायबेरियातील लॅक्टिफ्लोरा या जातीपासून तयार झाले आहेत. दुसरा गट वृक्ष पिओनीचा. नावात वृक्ष असला तरी हे वस्तुतः एक ते दोन मीटर उंचीचे झुडूप आहे; त्याची पाने झडतात, पण फांद्या लाकडासारख्या टणक होऊन हिवाळाभर उभ्या राहतात. तिसरा गट या दोघींच्या संकरातून झाला. जपानचे तोइची इतो यांनी 1948 मध्ये हा संकर साधला. दुर्दैवाने त्या रोपांना फुले येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. आज हा गट इतो पिओनी याच नावाने ओळखला जातो.

झाडाला फुले नसताना ती पिओनीच आहे हे कसे ओळखावे?

वसंताच्या सुरुवातीला जमिनीतून वर येणारे कोंब पाहावेत. ते करंगळीएवढे जाड, वाइनसारखे लालसर-जांभळे आणि टोकाला मिटलेल्या मुठीसारखे असतात. पाने उलगडू लागली की त्यांचा रंग हळूहळू हिरवा होतो, मात्र देठांवरची लाली पुष्कळदा तशीच राहते.

पान संयुक्त असते. मुख्य देठाचे तीन भाग होतात आणि त्या प्रत्येक भागाला पुन्हा तीन पर्णिका येतात. म्हणजे खालच्या मोठ्या पानात साधारण नऊ पर्णिका मोजता येतात. खोडाच्या वरच्या टोकाकडे जावे तशी पाने साधी होत जातात. पाने खोडावर एकाआड एक लागतात, समोरासमोर जोडीने नाही. डेलियाचा आणि पिओनीचा गड्डा शेजारी शेजारी लावून नंतर गोंधळ झालेल्यांना ही खूण उपयोगी पडते, कारण डेलियाची पाने समोरासमोर असतात.

लॅक्टिफ्लोराची आणखी एक खूण डोळ्यांपेक्षा बोटालाच लवकर समजते. पर्णिकेच्या कडेवरून बोट हलकेच टोकाकडून देठाकडे फिरवले असता बारीक कानशीसारखा खरखरीतपणा जाणवतो. भिंगातून पाहिल्यास त्या कडेवर अगदी सूक्ष्म पांढुरके दाते दिसतात.

शाकीय, वृक्ष आणि इतो यांच्या पानांत काय फरक असतो?

शाकीय पिओनीच्या पर्णिका बहुधा लांबट, टोकदार आणि गर्द हिरव्या चकचकीत असतात. वृक्ष पिओनीच्या पर्णिकांची टोके बदकाच्या पायासारखी दोन-तीन भागांत फाटलेली असतात आणि पानांवर चकाकीऐवजी निळसर झाक दिसते. इतो पिओनीची पाने वृक्ष पिओनीच्या वळणाची असतात, परंतु तिच्या फांद्या थंडीत जवळजवळ जमिनीपर्यंत वाळतात. म्हणजेच पान एका आजीचे आणि हिवाळ्यातील वागणे दुसरीचे, असा हा मेळ आहे.

या फरकाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. वृक्ष पिओनीचे कलम पुष्कळदा शाकीय पिओनीच्या मुळावर बांधलेले असते. कलमाच्या खालून एखादा फुटवा आला आणि त्याची पाने चकचकीत, टोकदार निघाली, तर तो मुळाचा फुटवा समजावा. तो माती बाजूला करून उगमापाशीच काढून टाकावा; ठेवला तर काही वर्षांत तोच मूळ वाणाला मागे टाकतो.

फुलांचे आकार इतके वेगवेगळे का दिसतात? ती सर्व पिओनीच असतात का?

होय. हा फरक मुख्यतः पुंकेसरांचे रूपांतर किती झाले आहे यावर अवलंबून असतो. एकेरी फुलात पाकळ्यांची एक-दोन वर्तुळे आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. जपानी प्रकारात तेच पुंकेसर रुंद पट्ट्यांसारखे होतात, अॅनिमोन प्रकारात त्यांच्या अरुंद पाकळ्या बनतात, आणि बॉम्ब प्रकारात त्या वाढून मधोमध गोळा तयार होतो. अर्धदुहेरी फुलात पाकळ्यांच्या गर्दीतूनही पुंकेसर दिसतात. पूर्ण दुहेरीत ते जवळजवळ नाहीसेच होतात.

नवख्यांना सहसा दुहेरी फुलांचाच मोह पडतो आणि तो समजण्यासारखा आहे. 1851 मधील पांढरी 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' आणि 1906 मधील गुलाबी 'सारा बर्नहार्ट' हे दोन्ही दुहेरी वाण आजही बागांत टिकून आहेत. तरीही पहिल्या वाफ्यात निदान एक एकेरी किंवा जपानी प्रकार असावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही फुले पावसाने वाकत नाहीत, उकाडा लवकर सुरू झाला तरी उमलतात आणि त्यांच्या मधोमध फिरणाऱ्या मधमाश्या पाहणे हा एक वेगळाच आनंद आहे.

माझ्या हवामानात पिओनी फुलेल का?

पिओनीला खरीखुरी थंडी लागते. पुढील वर्षाचे डोळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जमिनीखाली तयार होतात आणि त्यांची सुप्तावस्था मोडण्यासाठी सलग काही आठवडे तापमान साधारण 5 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली राहावे लागते. जिथे हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडते तिथे ती सुखाने नांदते. जिथे थंडी नावापुरतीच असते तिथे पाने येतील, पण फुलांची आशा धरू नये.

दोन्हींच्या सीमेवरील सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात प्रयत्न करायचा असेल तर लवकर फुलणारे, एकेरी किंवा अर्धदुहेरी वाण निवडावेत, गड्डा अधिक उथळ लावावा आणि दुपारच्या उन्हात थोडी सावली मिळेल अशी जागा पाहावी. हिवाळ्यात मुळांवर जाड आच्छादन मात्र घालू नये. तिथे थंडी अडवायची नसून मुळांपर्यंत पोहोचू द्यायची असते.

जागा आणि माती कशी असावी?

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळावे. मोठ्या झाडांच्या मुळांशी स्पर्धा पिओनीला सोसत नाही, म्हणून झाडाच्या फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्याही बाहेर वाफा करावा. हवा खेळती हवी, पण सोसाट्याचा वारा थेट लागू नये.

मातीत पाण्याचा निचरा ही सर्वांत महत्त्वाची अट आहे. पिओनीची मुळे गाजरासारखी जाड आणि मांसल असतात. पाणी साचले की ती कुजतात. खात्री करण्यासाठी 45 सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळ टिकते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर तिथे उंच गादीवाफा करणे किंवा जागा बदलणे हाच उपाय आहे. चिकणमातीत कुजलेले कंपोस्ट चांगले मिसळावे. सामू (pH) 6.5 ते 7 च्या दरम्यान असलेला उत्तम. माती फार आम्ल असल्यास लावणीच्या काही आठवडे आधी चुना मिसळावा. ताजे शेणखत मुळांजवळ कधीही घालू नये.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. जिथून जुनी पिओनी काढली त्याच खड्ड्यात नवी लावल्यास ती बहुधा खुरटते. दुसरी जागा नसेलच, तर खड्ड्यातील माती काढून वाफ्याच्या दुसऱ्या भागातील माती तिथे भरावी.

दोन झाडांत किती अंतर ठेवावे?

शाकीय आणि इतो पिओनीसाठी मध्यापासून मध्यापर्यंत 90 ते 120 सेंटिमीटर आणि वृक्ष पिओनीसाठी 120 ते 150 सेंटिमीटर अंतर ठेवावे. भिंत किंवा कुंपणापासून निदान 75 सेंटिमीटर दूर लावावे, म्हणजे मागच्या बाजूनेही वारा फिरतो आणि वाळलेली पाने काढायला हात पोहोचतो.

हे अंतर लावणीच्या दिवशी अवास्तव वाटते, कारण हातातील गड्डा दोन मुठींएवढा असतो आणि समोर उघडी माती पसरलेली दिसते. पण पाच-सहा वर्षांनी त्याच गड्ड्याचा घेर मीटरभर होतो. उदाहरणार्थ, 3 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाफा असेल, तर त्यात मधोमध एका ओळीत तीनच झाडे बसतात: पहिले कडेपासून 50 सेंटिमीटरवर आणि पुढची दोन एकेक मीटर अंतरावर. चौथे आणि पाचवे कुठेतरी घुसवण्याचा मोह आवरावा. दाटीने लावलेल्या पिओनी एकमेकींची पाने ओली ठेवतात, ओल्या पानांवर बुरशी वाढते, आणि मग जी झाडे काढावी लागतात ती नेमकी रुजून मोठी झालेली असतात.

मधली जागा पहिली दोन-तीन वर्षे ओकीबोकी दिसते ही अडचण खरी आहे. तिथे उथळ मुळांची हंगामी फुले लावावीत, मात्र पिओनीच्या डोळ्यांभोवती 30 सेंटिमीटरचे वर्तुळ मोकळे ठेवावे. पिओनीचे कोंब फुटण्याआधी फुलून जाणारी क्रोकससारखी लहान कंदफुलेही या जागेत शोभतात. पिओनीची पाने पसरेपर्यंत त्यांचे काम झालेले असते.

लावणी केव्हा करावी? मुळांचा गड्डा घ्यावा की कुंडीतील रोप?

पानगळीच्या दिवसांत, जमीन गोठण्यापूर्वी साधारण सहा आठवडे, हा सर्वांत योग्य काळ होय. उत्तर गोलार्धात तो बहुतेक ठिकाणी सप्टेंबर ते नोव्हेंबर असा येतो. या काळात वरची वाढ थांबलेली असते आणि बारीक अन्नशोषक मुळे मात्र नव्याने फुटत असतात. सुप्तावस्थेतील उघड्या मुळांचा गड्डा याच दिवसांत घ्यावा. त्याला तीन ते पाच ठसठशीत डोळे असावेत आणि मुळे दाबल्यावर टणक लागावीत. एका-दोन डोळ्यांचा तुकडाही जगतो, पण फुलायला जास्त वर्षे घेतो. कुंडीतील रोप वसंतातही लावता येते. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, इतकेच.

गड्डा किती खोल लावावा?

या पृष्ठावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हे वाचावे. शाकीय पिओनीचे डोळे मातीच्या पृष्ठभागाखाली 2.5 ते 5 सेंटिमीटर असावेत, त्याहून खोल नसावेत. सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात 2 सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी खोली पुरते. डोळे खोल गेले की फुले येत नाहीत, पण झाड मरत नाही. ते दरवर्षी निरोगी पाने देत राहते, आणि त्यामुळेच काही चुकले आहे अशी शंकाही कोणाला येत नाही.

खड्डा 45 सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल घ्यावा. तळाशी कंपोस्ट मिसळलेली माती भरून ती हातांनी घट्ट दाबावी, पाणी घालून बसू द्यावी आणि मगच तिच्यावर गड्डा डोळे वर करून ठेवावा. खड्ड्यावर आडवी काठी टाकून डोळ्यांच्या टोकापासून काठीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. मुळांच्या मधल्या पोकळ्यांत माती बोटांनी भरावी आणि शेवटी सावकाश भरपूर पाणी द्यावे.

माती आधी दाबून घेण्याचा आग्रह का, ते अनुभवावरून सांगतो. माझ्या वाफ्यातील एक गड्डा चार वर्षे केवळ पानेच देत होता. पानगळीच्या दिवसांत एकदा त्याच्या डोक्यावरची माती हातांनी बाजूला सारली, तेव्हा गुलाबी डोळे दिसेपर्यंत माझी चारही बोटे तळहातापर्यंत आत गेली. लावताना मी 5 सेंटिमीटरच मोजले होते. पण खालची भुसभुशीत माती पावसाने बसली आणि गड्डा तिच्यासोबत खाली गेला. वरून मी दर वर्षी कंपोस्टचा थर देत राहिलो. तो गड्डा त्याच आठवड्यात उचलून वर लावला. त्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात त्याला सहा फुले आली.

वृक्ष पिओनीच्या कलमाला मात्र हा नियम उलटा लागू होतो. तिथे कलमाचा जोड जमिनीखाली 10 ते 15 सेंटिमीटर जायला हवा, म्हणजे वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात. इतो पिओनी शाकीय पिओनीप्रमाणेच उथळ लावावी.

लावल्यानंतर किती वर्षांनी फुले येतात?

पहिल्या वर्षी दोन-तीन खोडे आणि पाने आली तरी समाधान मानावे. दुसऱ्या वर्षी एखादे फूल येते, तिसऱ्या वर्षापासून झाड भरू लागते आणि वाणाचे खरे रूप चौथ्या-पाचव्या वर्षी दिसते. पहिल्या वर्षी आलेली कळी खुडून टाकल्यास झाडाची शक्ती मुळांकडे वळते. हे करताना जीव तुटतो, पण लहान गड्ड्याच्या बाबतीत ते हिताचे असते. पहिल्या फुलाचा रंग किंवा पाकळ्यांची संख्या वर्णनाशी जुळली नाही म्हणून वाण चुकीचा ठरवण्याची घाई करू नये.

पाणी आणि खत किती द्यावे?

पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा, 2.5 सेंटिमीटर पावसाइतके पाणी बुंध्याशी, माती खोलवर भिजेल असे द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने पाने भिजतात आणि मुळे तहानलेलीच राहतात. फुलांचा बहर ओसरला की पाणी तोडणे ही सार्वत्रिक चूक आहे. पुढील वर्षाचे डोळे त्यानंतरच भरत असतात.

खताच्या बाबतीत पिओनी अल्पसंतुष्ट आहे. लावणीच्या वर्षी वेगळे खत नको. नंतर वर्षातून एकदा, फुले संपल्यावर, नत्र कमी आणि स्फुरद व पालाश अधिक असलेले खत थोडेसे, गड्ड्यापासून 15 ते 20 सेंटिमीटर दूर वर्तुळाकार पसरावे. डोळ्यांच्या वर खत, कंपोस्ट किंवा पालापाचोळा यांपैकी काहीही साठू देऊ नये. नत्र जास्त झाल्यास पाने माजतात, खोडे लेचीपेची होतात आणि फुले घटतात.

फुले आली की झाड लोळते. आधार कधी द्यावा?

कोंब 20-30 सेंटिमीटर वाढले की लगेच. पायांवर उभी राहणारी, जाळी असलेली गोल कडी त्या वेळी वरून बसवली तर खोडे तिच्यातूनच वर येतात आणि पुढे कडी दिसेनाशी होते. पूर्ण दुहेरी फूल पावसाचे पाणी वाटीसारखे धरून ठेवते. त्या वजनाने लोळलेले झाड नंतर दोरीने आवळून उभे केल्यास केरसुणी बांधल्यासारखे दिसते आणि खोडे मोडतात ते वेगळेच. इतो, जपानी आणि एकेरी वाणांना सहसा आधार लागत नाही.

कळ्यांवर मुंग्या आहेत. औषध फवारावे का?

मुळीच फवारू नये. कळीला वेढणाऱ्या हिरव्या निदलांच्या कडांमधून गोड रस पाझरतो. सकाळच्या उन्हात त्याचे चिकट थेंब स्पष्ट दिसतात. मुंग्या त्यासाठी येतात, कळी कुरतडत नाहीत आणि कळीवरच्या काही उपद्रवी किडींना पिटाळूनही लावतात. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही हा समजही खरा नाही. फुले घरात न्यायची असतील तर देठ कापल्यावर उलटे धरून हलकेच झटकावे.

वाटाण्याएवढ्या कळ्या काळ्या पडून वाळतात, कोवळी खोडे अचानक माना टाकतात. हा कोणता रोग?

खोडाच्या बुडाशी काळपट डाग आणि दमट हवेत त्यावर राखाडी लव दिसत असेल, तर हा बोट्रायटिस बुरशीमुळे होणारा करपा आहे. पिओनीवरचा हा सर्वांत सामान्य रोग थंड, ओल्या वसंतात बळावतो. बाधित खोड निरोगी भागापर्यंत, गरज पडल्यास जमिनीखालपर्यंत, कापावे आणि कचऱ्यात टाकावे. कंपोस्टच्या ढिगात टाकू नये. प्रत्येक कापणीनंतर कात्रीची पाती स्पिरिटने पुसावीत. बुरशी वाळक्या देठांवर आणि पानांवर हिवाळा काढते, म्हणून पानगळीच्या वेळची स्वच्छता कोणत्याही फवारणीपेक्षा मोलाची ठरते.

राखाडी लव नसताना कळ्या नुसत्याच वाळल्या, तर उशिराचे दहिवर, पाण्याचा ताण किंवा झाडाचे कोवळे वय ही कारणे तपासावीत.

पानांवर पांढरी भुकटी किंवा जांभळे चट्टे दिसतात. काळजी करावी का?

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. ती बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी येते आणि तोपर्यंत पानांचे बरेचसे काम झालेले असते. जांभळट-तपकिरी चट्टेही बुरशीचेच असतात, दिसायला वाईट असतात, पण झाड दगावत नाही. दाटी कमी करणे, पाने न भिजवणे आणि हंगामाअखेर सर्व पाने काढून टाकणे एवढे पुरेसे आहे.

फुलदाणीसाठी फुले कधी आणि कशी कापावीत?

कळीने रंग दाखवला आणि बोटांनी हलके दाबल्यावर ती टणक गोटीऐवजी ताज्या लोण्याच्या गोळ्यासारखी मऊ लागली, की पहाटेच्या गारव्यात कापावी. दुहेरी फुलांची कळी थोडी अधिक मऊ होऊ द्यावी. खोडावर निदान दोन-तीन पाने शिल्लक ठेवावीत आणि एका झाडाच्या एक तृतीयांशाहून अधिक फुले नेऊ नयेत. झाड तीन वर्षांचे होईपर्यंत लांब देठाने कापणे टाळलेले बरे. अशा कळ्या पाने काढून, कागदात गुंडाळून, पाण्याशिवाय फ्रिजमध्ये आडव्या ठेवल्यास दोन आठवडे सहज टिकतात. शेजारी फळे मात्र नसावीत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या खराब होतात.

एकच मोठे फूल हवे असल्यास टोकाची कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात. त्या राहू दिल्यास फुले थोडी लहान येतात, पण बहर काही दिवस लांबतो. वाफ्यासाठी मला हेच अधिक योग्य वाटते.

फुले संपल्यावर पाने कापून वाफा नीटनेटका करावा का?

सुकलेले फूल तेवढे पहिल्या सशक्त पानाच्या वर कापावे. पाने मात्र पिवळी-तपकिरी होऊन आपणहून वाळेपर्यंत राहू द्यावीत. मुळांत पुढच्या वर्षाचे अन्न साठवणारी तीच आहेत. पहिल्या कडक दहिवरानंतर शाकीय पिओनी जमिनीलगत आणि इतो पिओनी 10 ते 15 सेंटिमीटरवर कापावी, कारण इतोच्या खोडांच्या बुडाशीही डोळे असतात. वृक्ष पिओनीच्या फांद्या कापू नयेत. फक्त मेलेले लाकूड काढावे. शाकीय समजून हिवाळ्यात वृक्ष पिओनी जमिनीलगत छाटली गेली, तर फुलांची काही वर्षे वाया जातात.

पाच वर्षे झाली, पाने भरघोस आहेत, पण फूल नाही. काय तपासावे?

आधी खोली. पानगळीत माती बाजूला सारून डोळे किती खाली आहेत ते मोजावे. खोली बरोबर असेल तर ऊन पाहावे: लावतेवेळी लहान असलेले शेजारचे झाड आता सावली करते आहे का, त्याची मुळे वाफ्यात शिरली आहेत का. त्यानंतर खताचा हिशेब घ्यावा; हिरवळीला दिलेले नत्रयुक्त खत वाहून वाफ्यात येणे हे एक सहज नजरेआड होणारे कारण आहे. पाने हिरवी असतानाच कापली जातात का, आणि गेला हिवाळा पुरेसा थंड होता का, हेही विचारावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढचा वसंत येऊ द्यावा.

बियांपासून किंवा कुंडीत पिओनी वाढवता येते का?

बी रुजायला आधी उबदार आणि मग थंड असा दुहेरी काळ लागतो. पहिल्यात मूळ फुटते आणि थंडीनंतर पान वर येते. त्यानंतर फुलायला चार-पाच वर्षे जातात आणि रोप मातेसारखेच निघेल याची खात्री नसते. हौस म्हणून हे जरूर करावे, वाफा भरण्यासाठी नव्हे. कुंडी किमान 45 सेंटिमीटर खोल व रुंद असावी, तळाला मोठी छिद्रे असावीत आणि हिवाळ्यात ती बाहेरच्या थंडीतच राहावी.

घरात कुत्रा किंवा मांजर आहे. पिओनी धोक्याची आहे का?

पिओनीत, विशेषतः तिच्या मुळांच्या सालीत, पेओनॉल नावाचे द्रव्य असते. कुत्र्या-मांजरांनी झाड बरेच खाल्ल्यास उलट्या व जुलाब होऊ शकतात. तसे घडल्यास पशुवैद्याला दाखवावे. उकरण्याची सवय असलेल्या कुत्र्यापासून नव्या गड्ड्याला जाळी लावून राखावे.

जुना गड्डा हलवता किंवा विभागता येतो का?

येतो. पिओनी हलवली की मरते हा समज चुकीचा आहे. ती एक-दोन वर्षे रुसते, एवढे खरे. मात्र झाड चांगले फुलत असेल तर विभागणीची गरजच नसते. घर बदलायचे असेल, सावली आली असेल किंवा कोणाला आपल्या झाडाचा अंश द्यायचा असेल, तरच ती करावी.

काम पानगळीच्या दिवसांतच करावे. खोडे 10 सेंटिमीटरवर कापून, गड्ड्यापासून हातभर अंतरावर चारी बाजूंनी खणत आत यावे आणि कुदळीने सर्व बाजूंनी सैल करून तो उचलावा. पाण्याच्या धारेने माती धुतली की डोळे आणि मुळांची गुंतागुंत स्पष्ट दिसते. लगेच सुरी चालवू नये. ताजी मुळे काकडीसारखी कडकन मोडतात. सावलीत काही तास ठेवल्यावर ती किंचित लवचीक होतात. मग धारदार सुरीने प्रत्येकाला तीन ते पाच डोळे आणि काही जाड मुळे येतील असे भाग करावेत, कुजका व पोकळ भाग कापून टाकावा आणि 15 सेंटिमीटरहून लांब मुळे छाटावीत. हे भाग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्या खड्ड्यांत, पुन्हा मोजपट्टी लावून बसवावेत. पहिल्या हिवाळ्यात, जिथे जमीन गोठून उकलते तिथे, त्यांच्यावर वाळक्या पानांचे हलके आच्छादन द्यावे आणि वसंतात पहिला लाल कोंब दिसताच ते काढून घ्यावे.